‘फॅक्टरी ऑप्शन’ला मराठीत काय म्हणावं?

एक शब्द अडलाय. मी एक जुनी बीएमडब्ल्यू एम३ बघतोय. चार दरवाजे, चार लिटरचं व्ही८ इंजिन, 420 अश्वशक्ती. विक्रेत्याने गाडीत कारखान्यातूनच काय काय आलं त्याच्या कोडची लांबलचक यादी धाडली, वर ठळक अक्षरांत ‘फॅक्टरी ऑप्शन्स’. घरच्यांना कळावं म्हणून मी ती मराठीत उतरवायला बसलो आणि ‘कारखान्याचे पर्याय’ असं लिहिलं. वडिलांनी वाचून विचारलं, “कारखान्याला कसला पर्याय?” त्यांचं बरोबरच आहे. मग लिहू काय?

—

‘पर्याय’ नकोच. पर्याय म्हणजे एकाच्या जागी दुसरं. गिअरबॉक्सपुरता तो चालेल, कारण हाताचे गिअर घ्या नाहीतर 2एमके कोडचा, गिअर आपोआप बदलणारा डबल क्लच घ्या, एक आला की दुसरा गेला. पण 494 म्हणजे गरम होणाऱ्या सीटा. त्या कशाला पर्याय आहेत?

‘ऐच्छिक’ बघा. शाळेतल्या ऐच्छिक विषयासारखं, घ्यायचं तर घ्या.

—

ऐच्छिक खरं, पण इच्छा कुणाची? ज्याने गाडी नवी मागवली त्याची! जुनी गाडी घेणाऱ्याच्या हातात त्यातलं काहीच नसतं, जे आलं ते आलं.

जर्मन मंडळी ‘ऑप्शन’पेक्षा ‘झोंडरआउसश्टाटुंग’ म्हणतात, म्हणजे खास सरंजाम. कोडांच्या आधी दिसणारं ‘एसए’ हे त्याचंच लघुरूप. सरंजाम शब्द आपल्याकडे जहागिरीत अडकला, म्हणून मी ‘साज’ सुचवेन. घोड्यावर चढवतात तो. मूळ साज, जादा साज आणि मागाहून चढवलेला साज. गिऱ्हाइकाच्या कामाचा भेद शेवटच्या दोघांतला. जाहिरातीत तिन्ही एकाच ओळीत बसवलेले असतात.

बिल्ल्यावर तर अजिबात जाऊ नका. ‘एम’ म्हणजे बीएमडब्ल्यूच्या खास वेगवान गाड्या, तुमची एम३ त्यातलीच. 337 म्हणजे ‘एम स्पोर्ट’ पॅकेज. ते साध्या डिझेल गाडीलाही मिळायचं. बंपर, स्टिअरिंग, चाकं वेगळी, इंजिन तेच. ‘एम आहे’ आणि ‘एम स्पोर्ट आहे’ यांत एका शब्दाचा फरक, आणि विकणारे नेमका तोच शब्द गिळतात.

—

‘जादा साज’ला माझी हरकत. बीएमडब्ल्यूचा 320 हा कोड घ्या (320आय, 320डी या मॉडेलांशी त्याचा संबंध नाही, गोंधळ नको). हा घेतला की डिकीवर मॉडेलचं नाव लावतच नाहीत. कमी करण्याचा ऑप्शन! यात जादा काय आणि साज काय?

दुसरं, 2011 नंतरच्या एफ१० पिढीच्या एम५ला ‘एम ड्रायव्हर्स पॅकेज’ मिळायचं. त्याने ताशी 250 किलोमीटरची इलेक्ट्रॉनिक मर्यादा 305 वर जायची. ते ना दिसतं, ना हाताला लागतं. घोड्याला कुठे बांधणार?

—

हरकत मान्य. साज उतरवतातही, असं म्हणून वेळ मारून नेली असती, पण 305 पुढे हात टेकले. मग सरळ ‘मागणीनुसार’ म्हणा: ‘मूळ मागणीतल्या गोष्टी’. गाडी बनण्याआधी जे सांगितलं ते, वाढवलेलं असो की घटवलेलं.

—

‘मागणी’ आवडलं. त्याने आणखी एक गैरसमज जातो. लोक विचारतात, “टॉप मॉडेल आहे का?” जिथे गाडी अशी एकेक कोड निवडून मागवली जाते, तिथे टॉप मॉडेल नावाची चीजच नसते. एकाच महिन्यात बनलेल्या दोन गाड्यांत एकीला बटणावर कडक-मऊ होणारं सस्पेन्शन असेल, दुसरीला नसेल. गिअरच्या दांड्याशेजारी बघावं. न घेतलेल्या ऑप्शनच्या जागी पुष्कळदा बटणाऐवजी कोरं झाकण असतं, दाबलं तर ढिम्म हलत नाही. आणि असं सस्पेन्शन मागाहून बसवायचं म्हणजे नुसते शॉकअप बदलून भागत नाही, वायरिंग आणि कंट्रोल युनिटही लागतं.

यादी मात्र चासी नंबर देऊन कंपनीच्या नोंदीतूनच काढा. त्या 17 अक्षर-अंकांत सगळे ऑप्शन लिहिलेले असतात हा समज चुकीचा आहे. नंबर फक्त नोंदीपर्यंत नेतो. फोक्सवॅगन-आउडीवाल्यांचं बरं, तीन-तीन अक्षरांचे कोड डिकीत स्टेपनीपाशी स्टिकरवर छापलेले सापडतात.

—

अवांतर: असल्या चार दरवाजे आणि वेगळी डिकी असलेल्या गाडीला इंग्रज ‘सलून’ म्हणतात. आपल्याकडे सलूनमध्ये केस कापतात, नाहीतर रेल्वेचे साहेब प्रवास करतात. मूळ फ्रेंच ‘सालाँ’, म्हणजे दिवाणखाना. मी तर ‘डिकीवाली गाडी’ म्हणतो. डिकी तरी कुठे आपली? जुन्या गाड्यांच्या पाठीमागे उघडणारं जादा आसन ते ‘डिकी सीट’. आसन गेलं, नाव सामानाच्या जागेला चिकटलं.

—

(धागाकर्ता) सर्वांचे आभार. ‘मूळ मागणीतल्या गोष्टी’ असं लिहून यादी पुरी केली.

पण 320 वाचून चमकलो. मी बघतोय त्या गाडीच्या डिकीवर नाव नाही. विक्रेता म्हणतो, “अशीच मागवली होती, रंगकाम कधी झालंच नाही.” कंपनीच्या नोंदीतली यादी दोनदा वाचली. त्यात 320 नाही. शनिवारी पुन्हा जाऊन डिकीचं झाकण उन्हात तिरकं बघतो, मग सांगतो.