गोल्फचा फर्गिव्हिंग ड्रायव्हर म्हणजे पैशांची नासाडी? (नानांना उत्तर)

सिंहगड_रोडवाला:
काल नानांनी ड्रायव्हरवर (लांब टोल्याची गोल्फची काठी) फर्मान काढलं: 'ज्यांना स्विंग येत नाही तेच फर्गिव्हिंग ड्रायव्हर शोधत फिरतात. तेच पैसे कोचला द्या.' (फर्गिव्हिंग म्हणजे चुकलेला फटकाही सांभाळून घेणारा.) त्यावर इतक्यांनी माना डोलावल्या की आता लिहिणं भाग आहे.

नाना, आम्ही रविवारी सकाळी येरवड्याला खेळतो आणि दुपारी पोरांना क्लासला सोडतो. रोज सरावाच्या रेंजवर जायला सवड कुणाला? ज्याचा चेंडू दर वेळी फेसच्या (हेडची चेंडूला लागणारी बाजू) वेगळ्याच जागी लागतो, त्यालाच जास्त एमओआय (हेड वळायला करतं तो विरोध) हवा ना! टोकाकडे लागला तरी हेड कमी वळतं, अंतर फार पडत नाही. आणि हौशी माणसाने 9 अंशांच्या लॉफ्टच्या, म्हणजे फेसच्या तिरकेपणाच्या, नादी लागू नये. 10.5 घ्या, नाहीतर सरळ 12. चेंडू उठतो आणि आडवाही कमी जातो.

निवृत्त_नाना:
वाचलं. एमओआय मिसहिट (मधोमध न लागलेला फटका) सांभाळतो, स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा चेंडू) नाही. फेस उघडा राहिला तर तुमचा महागडा ड्रायव्हरही चेंडू इमानेइतबारे ओबीतच, म्हणजे हद्दीबाहेर, टाकणार. आणि ते '10के'चं, म्हणजे 10,000 एमओआयचं, कौतुक पुरे. टाच (हेडची दांड्याकडची बाजू) ते टोक या दिशेला नियमाने 5900चीच मर्यादा आहे, त्यात उभ्या दिशेचा आकडा मिळवून जाहिरात करतात. आम्ही पर्सिमन झाडाच्या लाकडी हेडवर शिकलो. मधोमध नाही लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या. तोच आमचा कोच.

बावधनकरीण:
नाना, 1991 साली बिग बर्था (मोठ्या धातूच्या हेडचा ड्रायव्हर) आली तेव्हा तुम्ही पर्सिमनच धरून बसला होतात का? खरं सांगा! 190 सीसीच्या हेडची ती, तेव्हा अवाढव्य वाटायची. आता मर्यादा 460ची आहे.

भांडायच्या आधी एक करा. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर जाड ठिपका काढा, ठिपका फेसच्या बाजूला ठेवून मारा. फेसवर छाप उठते. माझी सगळी छाप टाचेकडे, म्हणजे स्लाइसला आयतं आमंत्रण. दुकानातला ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास लांब असतो. मी ग्रिपवर इंचभर खाली धरायला लागले, छाप मध्याकडे सरकली. खर्च शून्य.

ह्यूस्टनचे_सासरे:
सगळं खरं, पण घ्यायचा कुठून? इथल्या किमती ऐकून घाम फुटतो. जावई डिसेंबरात ह्यूस्टनहून येतोय, त्यालाच सांगितलंय.

सिंहगड_रोडवाला:
काका, हेड पान्याने सुटतं, पण शाफ्ट (दांडा) कुठल्या बॅगेत घालणार?

ह्यूस्टनचे_सासरे:
त्याच्या गोल्फ बॅगेत. तुम्ही काळजी करू नका.

कर्वेनगरी:
हे मात्र अति झालं. आधी चॉकलेटं, मग लॅपटॉप, आता ड्रायव्हर. जावई आहे की हमाल? माझा भाऊ येतो तेव्हा अर्धी बॅग शेजाऱ्यांच्या सामानाने भरलेली असते, आईसाठी आणलेला स्वेटर तिकडेच राहतो.

ह्यूस्टनचे_सासरे:
तुमच्या भावाचा राग माझ्या जावयावर का? तो हौसेने आणतोय.

कर्वेनगरी:
सासऱ्यांना 'नको' म्हणायची सोय असते का हो त्याला?

बावधनकरीण:
अहो, मुख्य गोष्ट राहिली. जावई तरणाबांड, तो स्वतः मारून बघणार आणि स्टिफ (कडक) शाफ्ट उचलणार. तुमच्या स्विंगच्या वेगाला रेग्युलर, कदाचित सीनियर फ्लेक्ससुद्धा (आणखी लवचिक दांडा) लागेल. आमच्या दिरांनी असाच आणून दिला होता. चेंडू उठायचाच नाही, शेवटी त्यांनाच परत दिला.

ह्यूस्टनचे_सासरे:
सीनियर? अजून अठरा होल चालत खेळतो मी!

निवृत्त_नाना:
चालण्याचा आणि फ्लेक्सचा संबंध काय? बाई बरोबर सांगतायत. बघा, हेडवर इतका कीस पाडलात आणि गाडं अडलं शाफ्टवर.

सिंहगड_रोडवाला:
म्हणजे चांगल्या ड्रायव्हरने फरक पडतो, हे तुम्हीच कबूल केलंत. धन्यवाद.

निवृत्त_नाना:
मी 'योग्य' म्हणतोय, 'फर्गिव्हिंग' नाही. बारा अंशांचं मात्र पटलं. ज्यांना चेंडू हवेत बघायचीच हौस आहे त्यांनी जरूर घ्यावा.

कर्वेनगरी:
आणि जावयाला पैसे आधी द्या!

सिंहगड_रोडवाला:
नाना, रविवारी माझा 12 अंशांचा मारून बघा. मग बोलू.

निवृत्त_नाना:
येतो. चेंडू मात्र तुमचे.