मदत हवी आहे: थीसिसमध्ये 'आपल्या भागात थायरॉइडचा कॅन्सर वाढतोय' असं लिहू का?

स्लाइडवाली
नमस्कार मंडळी. सरकारी कॉलेजात पॅथॉलॉजी एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिनॉप्सिस दिला तेव्हा विषय गरीब वाटला होता: दहा वर्षांत आमच्याकडे ऑपरेशन होऊन आलेल्या थायरॉइडच्या गाठी. रजिस्टरं चाळली, ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठींचे तुकडे, शोधले (उंदरांनी कुरतडलेल्या ब्लॉकांवर वेगळा धागा काढेन), आणि आता गाडी अडली आहे.

ढोबळ चित्र पुस्तकातलंच. बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, कॅन्सरच्या प्रकारांत पॅपिलरी सगळ्यांत पुढे, मग फॉलिक्युलर, मेड्युलरी आणि ॲनाप्लास्टिक बोटांवर मोजण्याइतक्या. पण नंतरच्या पाच वर्षांत एक सेंटिमीटरपर्यंतचे पॅपिलरी मायक्रोकार्सिनोमा एकदम वाढलेत. बहुतेक सगळे साध्या गलगंडासाठी काढलेल्या ग्रंथीत अवचित सापडलेले. गाईड म्हणतात, "लिहून टाक, आपल्या भागात वाढतोय." हात धजत नाही.

शिवाय पॅपिलरीच्या 'फॉलिक्युलर व्हेरिअंट' या उपप्रकाराच्या जुन्या रिपोर्टांचं काय करू? २०१६ साली त्यांतल्या आवरणात बंद राहिलेल्या गाठींना एनआयएफटीपी हे नाव मिळालं आणि 'कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर, हा शब्द गेला. मग स्लाइडी पुन्हा बघून त्या कॅन्सरच्या रकान्यातून काढू?

जुना मायक्रोस्कोप
धजत नाही तेच बरंय, पोरी. आधी सांग, मधल्या काळात तुमच्याकडे ग्रोसिंगची, म्हणजे काढलेली ग्रंथी चिरून तपासायचे तुकडे घेण्याची, पद्धत बदलली का? फिनलंडमध्ये १०१ शवविच्छेदनांत थायरॉइडच्या दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून पाहिल्या होत्या; ते काम १९८५ साली छापून आलं. ३६ जणांत पॅपिलरी कॅन्सर निघाला! जिवंतपणी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. सुरी जितकी बारीक चालवाल तितकं सापडतं. म्हणून दर केसला किती ब्लॉक घेतले, हा कॉलम तुझ्या तक्त्यात हवाच.

एनआयएफटीपी म्हणायचं तर गाठीच्या आवरणाची सगळी कड तपासलेली लागते. त्या काळी कडेचे दोन तुकडे घेऊन उरलेलं स्पेसिमेन टाकून दिलं असेल, तर आज कुणीही त्या दोन स्लाइडींवरून नाव बदलू शकत नाही. अशा केसेस 'ठरवता येत नाही' म्हणून वेगळ्या ओळीत ठेव, लाजू नकोस. फॉलिक्युलर ॲडिनोमा (साधी गाठ) की कार्सिनोमा, हेही गाठ आवरणात किंवा रक्तवाहिनीत घुसली का, यावरच ठरतं. सुईला ते दिसत नाही, म्हणून तर एफएनएसीचा (सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट बेथेस्डा ४, म्हणजे 'फॉलिक्युलर गाठ किंवा तिचा संशय' या गटावर येऊन थांबतो. तेव्हा तुझ्या जुन्या ॲडिनोमांकडेही जरा संशयाने बघ.

पीएसएमवाला
'आपल्या भागात' हे दोन शब्द खोडा. तुमच्याकडे अंश आहे, छेद कुठाय, म्हणजे किती लोकसंख्येमागे इतके पेशंट? सर्जन नवा आला, सोनोग्राफी स्वस्त झाली, शेजारच्या जिल्ह्यातून पेशंट यायला लागले, तरी तुमचा आकडा फुगणारच.

दक्षिण कोरियाचं उदाहरण चर्चेत जरूर घ्या. १९९९ पासून तिथे कॅन्सर तपासणीची सरकारी मोहीम सुरू झाली आणि थोडे जादा पैसे भरून लोक मानेची सोनोग्राफीही करून घेऊ लागले. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं.

लोकसंख्येतलं प्रमाण हवं असेल तर कॅन्सर रजिस्ट्रीचे, म्हणजे ठरावीक भागातल्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदणीचे, अहवाल काढा. मुंबईची १९६३ पासून आहे, बार्शीची ग्रामीण १९८७ पासून. तिरुवनंतपुरमचा अहवालही बघा, तिथे बायकांमध्ये प्रमाण बरंच जास्त आहे. आपला आकडा त्यांच्या शेजारी ठेवायचा मोह मात्र आवरा, दोन्ही आकड्यांचा प्रकारच वेगळा आहे.

मी फक्त पेशंट
मध्ये बोलते, माफ करा. माझा गलगंड काढला आणि रिपोर्टात चार मिलिमीटरचा पॅपिलरी निघाला. घरात दोन दिवस चूल पेटली नाही. सर्जन म्हणाले, "निघून गेलाय, आता वेळेवर तपासणीला या, बास." तुमच्या तक्त्यात मी वाढलेल्यांत का?

स्लाइडवाली
ताई, हो, तुम्ही अगदी त्याच रकान्यात. आता त्याच्या डोक्यावर 'अवचित सापडलेले' असं स्पष्ट लिहिणार आहे.

सर, ग्रोसिंगच्या वह्या काढल्या. मधल्या वर्षी एक नव्या मॅडम आल्या होत्या. त्याआधी अख्ख्या गलगंडाचे तीन-चार ब्लॉक, नंतर दहा-बारा. वाढ बरोबर तिथूनच सुरू होते! ब्लॉकचा कॉलम भरून सोमवारी गाईडसमोर ठेवते. ते ऐकले नाहीत तर पुन्हा इथेच येईन.