लॅब नसताना कोल्ड ॲटम्सची तयारी कुठून सुरू करू?

पऱ्हाटी_फोटॉन
बीएस्सी दुसरं वर्ष, दिग्रसकडचं कॉलेज. लॅबमध्ये सोडियमचा दिवा, ग्रेटिंग, न्यूटन रिंग, बस. पुढं कोल्ड ॲटम्स (लेझरनं अतिशय थंड केलेले अणू) आणि क्वांटम सिम्युलेशन (अशा अणूंवर क्वांटम मॉडेल उभं करून अभ्यासणं) यात पीएचडी करायची आहे. ७८० नॅनोमीटरचा लेझर डायोड ऑनलाइन दिसतो, घेऊ का? लॅपटॉप ८ जीबीचा आहे, लाईन कधीही जाते.

डॉप्लर_दादा
डायोड नको घेऊ, भाऊ. रुबिडियमचे अणू थंड करायला ७८० ची जी रेषा वापरतात, तिची नैसर्गिक रुंदी ६ मेगाहर्ट्झ, आणि उघड्या डायोडची वारंवारता तापमानात एका अंशाच्या फरकानं कित्येक गिगाहर्ट्झ सरकते. मे महिन्यात तुझ्या खोलीत तो काय टिकणार! शिवाय ७८० डोळ्याला अंधुक लाल दिसतो, पण असतो बराच तीव्र. डोळा जाईल.

त्यापेक्षा लॅपटॉपवर बोस-हबर्ड मॉडेल सोडव: अणू शेजारच्या जागेवर उडी मारतात, त्या उडीची ताकद जे; एकाच जागेवर दोन अणू आले की लागणारी जादा ऊर्जा यू. ८ जागा, ८ अणू, ओळीची टोकं एकमेकांना जोडलेली: ६,४३५ अवस्था. १० जागांना ९२,३७८ होतात; पूर्ण मॅट्रिक्स ठेवायला गेलास तर ६८ जीबी लागेल. म्हणून पायथनमध्ये स्पार्स मॅट्रिक्स (फक्त शून्य नसलेले आकडे साठवणारी) आणि लान्झोस (सर्वांत कमी ऊर्जा टप्प्याटप्प्यानं काढायची पद्धत) वापर. १२ जागांपर्यंत तुझी मशीन ओढेल. १४ ला अवस्था दोन कोटींवर जातात, तिथं थांब.

तपासणी दोन ठिकाणी कर. यू शून्य ठेवला की ऊर्जा उणे २ × जे × अणूंची संख्या, नेमकी. यू खूप मोठा केला की दर जागेला उणे ४ × जे वर्ग भागिले यू. इथं ४ ऐवजी २ आलं, तर यूच्या पदातला १/२ लिहायचा राहून गेला आहे. यू शून्यलाच उत्तर चुकलं तर वर्गमुळं पाहा: अणू उचलताना आधीच्या संख्येचं, ठेवताना नंतरच्या संख्येचं. उडी दोन्ही दिशांनी लिहिली नाहीस तर मॅट्रिक्स सममित राहत नाही आणि लान्झोस काहीही आकडे देतो.

आणि ८ जागांत मॉट संक्रमण (यू वाढवत नेला की अणू फिरायचे थांबून दर जागेला एकेक अडकतात, ते) धारदार दिसणार नाही, आलेख सावकाशच वळतो. हे संक्रमण दाखवणारा म्युनिकचा २००२ चा प्रयोग त्रिमितीतला होता. त्रिमितीत ते यू बाय जे २९ च्या आसपास होतं, एकमितीत जेमतेम ३.३ ला. हे दोन आकडे मिसळू नको. प्रत्येक बिंदूचं उत्तर लगेच फाइलमध्ये लिही, लाईनचा भरवसा नाही.

कॉइलवाली_ताई
कोड बरोबर आहे, पण प्रयोगाच्या ग्रुपला हात चालणारी पोरं लागतात. अणू धरून ठेवणाऱ्या सापळ्याची चुंबकीय कॉइल घरी होते. १०० वेढ्यांच्या दोन कॉइल, सरासरी त्रिज्या ४ सेंमी, अंतरही ४ सेंमी, करंट उलट दिशांनी २ ॲम्पिअर. मधोमध चुंबकीय क्षेत्र शून्य, आणि अक्षावर ते दर सेंटीमीटरला साधारण १३ गॉसनं बदलतं. खऱ्या मॅग्नेटो-ऑप्टिकल सापळ्यात (लेझर आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही वापरणाऱ्या) हा बदल १० च्या आसपासच लागतो. लिनियर हॉल सेन्सरनं (चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा) मोज. आडव्या दिशेला निम्मा आणि उलट चिन्हाचा आला पाहिजे. मध्यावर शून्याऐवजी ४५ गॉस दिसले, तर एका कॉइलची टोकं बदल.

पऱ्हाटी_फोटॉन
ताई, तार कोणती?

कॉइलवाली_ताई
२० गेजची इनॅमलची तांब्याची. पाण्याच्या मोटारी भरणाऱ्याकडे मिळते, दोन्हीला मिळून ३०० ग्रॅम पुरते. थोडी जास्तच घे. सप्लाय स्थिर करंटचा हवा. स्थिर व्होल्टेजवर तार तापली की रोध वाढतो, करंट पडतो, आणि मोजमाप सरकत राहतं. टोकांवरचं इनॅमल नीट खरवडून मग सोल्डरचा डाग दे.

डॉप्लर_दादा
हे करता करता जॅम (एमएस्सी आणि इंटिग्रेटेड पीएचडीची प्रवेश परीक्षा) विसरू नको, फेब्रुवारीत असते. आयआयएस्सी आणि आयसर पुणे इथं इंटिग्रेटेड पीएचडीला तिच्यावर प्रवेश मिळतो. टीआयएफआरची (मुंबईची मूलभूत संशोधन संस्था) परीक्षा वेगळी.