चुका लिहून ठेवायच्यात : ॲप, वही की सल्लागार? (बजेट ३००० रु.)

तूरवाला_दारव्हा
राम राम मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीनं मागच्या वर्षी डाळ मिल टाकली. जानेवारीत तूर निघाली की मिल चालू, असं ठरलं होतं. वीजच उशिरा मिळाली, चालू झाली २६ एप्रिलला! तोवर सभासदांनी तूर व्यापाऱ्याला घालून टाकली, आम्हाला बाजारातून चढ्या भावानं घ्यावी लागली. वर सुकवायला ओटाच बांधला नव्हता. साल सुटावी म्हणून तेल-पाणी दिलेली तूर ताडपत्रीवर, आणि जूनच्या पहिल्याच सरीत ४ क्विंटलला बुरशी. आता गोदाम बांधायचं आहे. त्याआधी मागचं काय चुकलं ते नीट काढायचं आहे. नुसती मिटिंग घेतली की भांडणं होतात. काय घ्यावं? बजेट ३०००, चहा-आलुबोंडा धरून.

कास्तकार_वणी
भाऊ, मिल कोणती घेतली? अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल घ्यायची होती. आमच्या गटाकडं तीच हाय, एक नंबर.

तूरवाला_दारव्हा
मिल चांगली आहे दादा. चूक मिलची नाही.

कास्तकार_वणी
तरी कोणती?

पुणे_व्हाया_पुसद
एखाद्या संचालकाला पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा, करायला लावा. माझ्या भाच्यानं केलं, आज टीम लीड आहे. सोबत चांगला लॅपटॉप घ्या, साठ हजारांत येतो.

वऱ्हाडी_ठेचा
तीन हजार म्हणते तो! अन् त्या परीक्षेले डिग्रीवर ३ वर्षं प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागते. आमचे संचालक सातबारा चष्म्याबिगर वाचत नाईत.

निवृत्त_ओव्हरसियर
आम्ही आयुष्य कामावर काढलं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ला राजीव गांधींनी केली, मूळ अंदाज ३७२ कोटी. आता खर्च कित्येक हजार कोटींच्या घरात. तुमचे चार महिने म्हणजे काहीच नाही.

वऱ्हाडी_ठेचा
काका, धरणाची अन् डाळ मिलची बरोबरी कायले? तिथं जमीन, वन खातं, पुनर्वसन, सारंच अडलं होतं.

निवृत्त_ओव्हरसियर
तेच सांगतोय. जमीन हातात यायच्या आधी काम सुरू केलं की असंच होतं. तुमचंही तसंच, यंत्र आधी आणि वीज नंतर.

मास्तरीण_उमरखेड
दादा, काहीही विकत घेऊ नका. आमच्या बचत गटाचा पापडाचा धंदा बुडाला तेव्हा सगळ्या बाया खजिनदार ताईवर तुटून पडल्या. ती गटच सोडून गेली, आणि पुढच्या वर्षी तीच चूक आम्ही पुन्हा केली. माणसं बोलावण्याआधी तारखा गोळा करा. पासबुक, पावत्या, व्हॉट्सॲपचे निरोप, सगळं एका कागदावर तारखेनुसार. मग चारच प्रश्न : काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. अमेरिकेच्या लष्करात मोहीम झाली की असंच बसतात म्हणे. ‘कोणी केलं’ हा प्रश्न त्यात नाहीच.

कास्तकार_वणी
मी पण हेच म्हणणार होतो.

सीए_नव्हे_अकौंटंट
मी दोन कंपन्यांचे हिशेब पाहतो. ऑडिट आणि चुकांची बैठक एका दिवशी ठेवू नका. पैशाचा प्रश्न निघाला की प्रत्येक जण आपली कातडी वाचवतो.

तूरवाला_दारव्हा
ताई, तुमचं ऐकून काल रात्री तारखा काढल्या. मशीनचा ॲडव्हान्स १४ सप्टेंबरला दिला. वीज जोडणीचा अर्ज ९ जानेवारीला! आम्ही वर्षभर ठेकेदाराला शिव्या घालत होतो. अर्ज मी भरला असेल असं सचिवाला वाटत होतं, मला वाटत होतं त्यानं भरला.

वऱ्हाडी_ठेचा
लगनात नवरदेवच विसरला म्हणा की राजेहो.

पुणे_व्हाया_पुसद
गोदामाआधी प्रीमॉर्टेम करा. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञानं २००७ ला यावर लेख लिहिला होता. पुढच्या मार्चमध्ये गोदाम फसलंच असं धरून चालायचं, आणि का फसलं ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. तुमच्याकडं चिठ्ठ्यांवर नाव टाकू नका, म्हणजे अध्यक्षासमोर न बोलणारेही लिहितील. याला लॅपटॉप लागत नाही, मान्य.

सीए_नव्हे_अकौंटंट
जे निघेल ते संचालकांपुरतंच ठेवा मात्र. गावात गेलं तर शेअरचे पैसे परत मागतील.

मास्तरीण_उमरखेड
हो, वहीत लिहा आणि वही कपाटात.

निवृत्त_ओव्हरसियर
सहमत. चव्हाट्यावर आणू नये.

तूरवाला_दारव्हा
मंडळी, माफ करा. कपाटाची किल्ली आमच्याकडं कोणालाच सापडत नाही. पेंटर बोलावला, ९०० रुपये घेतले. मिलच्या आतल्या भिंतीवर, काट्यासमोर, मागच्या साऱ्या तारखा लिहिल्या. पहिल्याच ओळीत ‘वीज अर्ज, ११७ दिवस उशीर’ आणि पुढं माझं नाव. शेजारची अर्धी भिंत गोदामासाठी कोरी आहे. चिठ्ठ्यांत तीन जणांनी लिहिलं, ‘गोदामापर्यंत ट्रक येणार नाही’. ते आमच्या ध्यानातच नव्हतं. आता आधी रस्ता मोजतो. पाच सभासद भिंत वाचून गेले. पैसे कोणी मागितले नाहीत, एकानं व्याकरणाची चूक काढली.

कास्तकार_वणी
ऑइल पेंट मारला की डिस्टेंपर? डिस्टेंपर असेल तर कोंड्याच्या धुळीनं सहा महिन्यांत काही दिसणार नाही.