कमी पाण्यावर जगणारी झाडे घराभोवती कशी लावावीत?

प्रश्न: घराच्या पश्चिमेला सावलीसाठी दोन झाडे आणि त्यांच्या खाली कमी पाण्याची झुडपे लावण्याचा माझा विचार आहे. दुष्काळ सोसणाऱ्या रोपांना पहिल्या दिवसापासूनच कमी पाणी दिले तर चालेल का?

उत्तर १: कृपया तसे करू नका. काटक झाडाचा काटकपणा त्याच्या खोल आणि दूरवर पसरलेल्या मुळांत असतो आणि नव्या रोपाला ती मुळे अजून फुटलेलीच नसतात, म्हणून पहिली एक-दोन वर्षे नियमित पाणी द्यावेच लागते. मात्र रोज थोडे शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, माती खोलवर भिजेल इतके पाणी द्यावे. वरवर भिजवल्यास मुळे वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात झाड कोमेजते.

उत्तर २: वरील मताशी मी सहमत आहे. बुंध्याभोवती ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादनही घाला, पण ते बुंध्याला टेकू देऊ नका, कारण सततच्या ओलाव्याने साल कुजते.

उत्तर ३: बोगनवेल, कण्हेर आणि निवडुंग यांना भरपूर ऊन लागते, त्यामुळे झाडाच्या दाट सावलीत ती नीट फुलणार नाहीत; त्यांना उघड्या जागेत लावा. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्याने घरात लहान मुले असतील तर ती टाळलेलीच बरी.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. झुडपांची जागा आता बदलतो.