वणवा विझवायचे पैसे राज्य सरकार नक्की कुठून देतं?

डोंगरवाट_पाटण
आमच्याकडे पाटण तालुक्यात फेब्रुवारी लागला की डोंगर पेटायला सुरुवात होते. गावातली पोरं ओल्या डहाळ्या घेऊन चढतात आणि झोडपून झोडपून विझवतात. फॉरेस्टवाले पण येतात पण एकेका गार्डकडे एवढा मोठा बीट, म्हणजे राखायचा टापू, तो माणूस पुरणार कुठे कुठे? मला विचारायचंय की याच्यासाठी राज्याच्या बजेटमध्ये वेगळे पैसे असतात का सगळं केंद्राकडून येतं? आणि जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढायचं काम आमच्याकडे दरवर्षी उशिराच का चालू होतं, गवत पार वाळून गेल्यावर? माहितगारांनी सांगा प्लीज.

सागवान
विदर्भात वनपाल होतो, त्यावरून सांगतो. पैसा एका ठिकाणाहून येत नाही. राज्याचं स्वतःचं बजेट असतं, त्यातून पगार, हंगामी मजूर आणि थोडीफार जाळरेषेची कामं होतात. दुसरी केंद्राची वणवा प्रतिबंध योजना, ती 2017 पासून आहे, त्यात केंद्र 60 टक्के आणि राज्य 40. ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं असतील तर 90 आणि 10. तिसरा कॅम्पा, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या भरपाईचा निधी. खाणीला, धरणाला, रस्त्याला वनजमीन दिली की कंपनीकडून किंवा त्या खात्याकडून जंगलाचं मूल्य भरून घेतात, 2016 च्या कायद्याने त्यातला 90 टक्के भाग राज्याला मिळतो आणि तो वणव्यावरही खर्च करता येतो.

आता उशीर का होतो. आपल्याकडे हंगाम धरतात 15 फेब्रुवारी ते 15 जून. जाळरेषेचं गवत त्याच्या खूप आधी कापायचं आणि आजूबाजूला अजून ओल आहे, पहाटे दव पडतंय तोवर जाळून टाकायचं. म्हणजे मजुरीचे पैसे रेंजवर, म्हणजे स्थानिक वन कार्यालयात, दिवाळीच्या सुमारास हातात पाहिजेत. पण योजना मंजूर होणार, केंद्राचा हप्ता सुटणार, मग राज्य आपला वाटा टाकणार, मग डिव्हिजन, मग रेंज, यात जानेवारी उजाडतो. त्यात 31 मार्च बरोब्बर हंगामाच्या मध्यात. जुन्या वर्षाचं शिल्लक परत जातं आणि नव्या वर्षाचं अनुदान येईपर्यंत एप्रिल जातो, म्हणजे जंगल सगळ्यात जास्त पेटतं तेव्हाच आरएफओ, म्हणजे रेंजचा अधिकारी, उधारीवर मजूर लावतो. माझं ठाम मत आहे, रक्कम वाढवण्याआधी तारीख बदला. तेच पैसे ऑक्टोबरात मिळाले तरी खूप जंगल वाचेल.

पिरुल
सागवान काका, उत्तराखंडात हेच झालं. मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने विचारलं होतं की राज्याने वणव्यासाठी केंद्राकडे 10 कोटी मागितले असताना 3.15 कोटीच का दिले, आणि ऐन आगीच्या दिवसांत वनकर्मचारी इलेक्शन ड्यूटीवर कसे. मग राज्याने जंगलात पडलेल्या चीडच्या (पाइनच्या झाडाच्या) वाळक्या सुया गोळा करायला किलोमागे 50 रुपये जाहीर केले, आधी 3 रुपये होते. चांगलीच गोष्ट आहे, पण डोंगर पेटल्यावर. जूनमध्ये तिथल्याच बिनसर अभयारण्यात वनखात्याची माणसं आगीत मेली. ती बातमी वाचून मला दोन दिवस काही सुचलं नाही.

बेंडकर
मी अमेरिकेत ऑरेगन राज्यात राहतो. इकडे पैसा भरपूर आहे, पण तारखेचा घोळ इथेही तोच. राज्याचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, म्हणजे आगीच्या ऐन हंगामात. जंगलमालक एकरी पट्टी भरतात, राज्य आपल्या तिजोरीतून घालतं आणि शिवाय मोठ्या आगींच्या खर्चासाठी राज्याने 1973 पासून अनेक वर्षं लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातून विमा घेतला. तरी 2024 ला 19 लाख एकर जळालं आणि पैसे संपले. आग विझवणाऱ्या कंत्राटदारांची बिलं थकली, शेवटी डिसेंबरात विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून 21.8 कोटी डॉलर मंजूर करावे लागले. मोठ्या आगीत इथलं केंद्र सरकार पात्र खर्चाच्या 75 टक्के परत देतं पण ते खूप नंतर, तोवर राज्याने खिशातून घालायचं. विझवायला कसेही पैसे उभे राहतात हो, कारण धूर टीव्हीवर दिसतो, पण झुडपं काढायला मागितले तर पुढच्या वर्षी बघू. कॅलिफोर्नियाने 2011 ला आगीच्या भागातल्या घरांवर वर्षाला 150 डॉलर फी लावली होती, लोक इतके चिडले की 2017 ला स्थगित केली आणि तो खर्च कार्बन परवान्यांच्या (प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांना घ्यावे लागतात त्या) लिलावाच्या पैशातून सुरू केला. मला तो मार्ग बरा वाटतो, दरवर्षी कोणासमोर हात पसरावा लागत नाही.

डोंगरवाट_पाटण
सगळ्यांचे आभार, 31 मार्चचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. गावाने काय करावं मग?

सागवान
तुमच्या गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर सप्टेंबरातच ठराव करा, कुठल्या डोंगराला किती किलोमीटर जाळरेषा, किती मजूर, किती ब्लोअर (हवेच्या झोताने पालापाचोळा उडवणारं यंत्र), आणि तो उपवनसंरक्षकांकडे लेखी द्या, पोच घ्या. पाठीवरचा ब्लोअर आधी मागा, डोंगरउतारावर पाण्याचा टँकर चढत नाही. दुसरं, आपत्ती निवारणाच्या निधीतून 19 राज्यांतल्या 144 जिल्ह्यांसाठी 818.92 कोटींची वणव्याची वेगळी योजना मंजूर झालीय, सातारा त्यात आहे का ते जिल्हा आपत्ती कक्षात जाऊन विचारा. आणि फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर मोबाइल नंबर नोंदवून ठेवा, उपग्रहाला आग दिसली की मेसेज येतो, कोणालाही नोंदवता येतं. चांगलं गवत येतं म्हणून पेटवणारे आपल्यातलेच असतात, त्यांच्याशी मात्र गावानेच बोलायला हवं, ते काम खातं नाही करू शकत.