‘तारतम्य’ : कन्नडमध्ये भेदभाव, मराठीत विवेक

बेळगावकर :
मतदानाच्या दिवशी आत्याला घेऊन केंद्रावर गेलो होतो. आत्या मराठी शाळेत शिकलेली असून कन्नड अक्षरे तिने बसच्या पाट्यांवरून ओळखीची करून घेतली आहेत. भिंतीवरच्या फलकावर ‘जाति, धर्मद आधारद मेले तारतम्य माडबारदु’ (जात, धर्म यांवरून भेदभाव करू नये) असे लिहिलेले होते. तिने ते अक्षर लावत वाचले आणि मला विचारले, ‘‘मत देताना तारतम्य ठेवू नका, असं सरकारच सांगतंय होय?’’ रांगेत हशा पिकला. पण एकच संस्कृत शब्द दोन शेजारी भाषांत इतका उलटा कसा झाला, हे मला तिला सांगता आले नाही. जाणकारांनी खुलासा करावा.

खानापूरकर :
संस्कृतात ‘तर’ आणि ‘तम’ हे तुलना दाखवणारे प्रत्यय आहेत. लघु, लघुतर, लघुतम. त्यांच्यापासून ‘तरतम’ आणि त्यावरून ‘तारतम्य’, म्हणजे कमीजास्तपणा. मराठीने हा कमीजास्तपणा पाहणाऱ्याच्या बुद्धीत ठेवला, म्हणून आपण तारतम्य बाळगतो, तारतम्याने वागतो आणि एखाद्याचे तारतम्य सुटले म्हणतो. कन्नडने तो माणसामाणसांतल्या वागणुकीत पाहिला, म्हणून तिथे तारतम्य ‘केले’ जाते आणि ते वाईट ठरते. (मध्वाचार्यांच्या द्वैतमतात जीवांची चढती श्रेणी सांगणारे तारतम्य आहे, तिथे मात्र त्याला निंदेचा वास नाही.)

गंमत अशी, की कायद्याला दोन्ही अर्थ लागतात. संविधानाचा अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. पण स्त्रिया, मुले आणि मागासवर्ग यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मुभाही तोच अनुच्छेद देतो. ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका व महापालिकांत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. पाच वर्षे प्रभागात राबलेल्या कार्यकर्त्याचा प्रभाग ऐनवेळी राखीव झाला, की तो चहाच्या टपरीवर ‘हा भेदभाव आहे’ म्हणतो. त्याची हळहळ मला समजते, पण शब्द चुकतो. राखीव जागा म्हणजे कन्नड अर्थाचे तारतम्य पुसण्यासाठी वापरलेले मराठी अर्थाचे तारतम्य आहे.

निपाणीकर :
आपण भाषेचा मुद्दा टाळलात, आणि सीमाभागात तो टाळून चालत नाही. अनुच्छेद १५च्या यादीत भाषा नाही. मतदार यादीत नाव घालताना कशावरून डावलू नये, हे सांगणाऱ्या अनुच्छेद ३२५ मध्येही धर्म, वंश, जात आणि लिंग एवढेच आहे. शाळाप्रवेशाच्या अनुच्छेद २९(२) मध्ये मात्र भाषा येते. उलट १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मध्ये भाषेच्या आधारे मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यापायी निवड रद्द होऊ शकते. म्हणजे भाषेवरून मत मागायचे नाही हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. भाषेवरून डावलायचे नाही हे मात्र ठिकठिकाणी शोधावे लागते.

या कलमात एका सर्वनामावरून सर्वोच्च न्यायालयात तट पडले होते, ही गोष्ट शब्दचर्चेत यायलाच हवी. ‘त्याच्या धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या आधारे’ यातला ‘तो’ कोण? उमेदवार, की मतदारही? अभिराम सिंग खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांपैकी चौघांनी त्यात मतदारही धरला. तिघांनी विरोधी मत नोंदवले.

बेळगावकर :
मग ‘मराठी शाळा वाचवा’ म्हणून मते मागणाऱ्याचे काय?

निपाणीकर :
जगदेवसिंग सिद्धांती विरुद्ध प्रतापसिंग दौलता या खटल्यात १९६४ मध्ये त्याच न्यायालयाने तेव्हाच्या पंजाबातील हिंदीच्या चळवळीविषयी म्हटले, की भाषेच्या जतनासाठी केलेले राजकीय आंदोलन भ्रष्ट आचार ठरत नाही, कारण भाषा जपण्याचा हक्क अनुच्छेद २९(१) देतो. भाषा जपा म्हणणे वेगळे आणि मी तुमच्या भाषेचा म्हणून मत द्या म्हणणे वेगळे. व्यासपीठावर चढलेल्या वक्त्याला ही रेघ दरवेळी दिसतेच असे नाही, आणि तिथे खरोखर मराठी तारतम्याची परीक्षा असते.

जाता जाता ‘अल्पसंख्याक’. कन्नडमध्ये तो ‘अल्पसंख्यात’ होतो, आणि आपल्याकडच्या अर्जांतही हा ‘त’ शिरू लागला आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोकांची भाषा असेल, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, या भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्रीय निकषावर सरकारी परिपत्रके मराठीतही मिळावीत ही आपली मागणी उभी आहे. त्या मागणीचा अर्ज तरी शुद्ध असावा.

बेळगावकर :
आभार. आत्याला समजावले. कन्नड माध्यमात शिकलेल्या पुतण्याने परिपत्रकांसाठी लिहिलेला अर्ज काल पाहिला, त्यात ‘मराठी भाषिकांशी तारतम्य करू नये’ असे वाक्य होते. तिथे ‘भेदभाव’ केले आहे.